राहून राहिलो

दिनू,

तुझ्या शोकसभेच्या फलकावर 'श्रद्धांजली' हा शब्द चुकला होता. द ला ध जोडायचा असतो. त्यांनी ध ला द जोडला. सभा सव्वा तास चालली आणि तेवढा वेळ मी त्या जोडाक्षराकडे बघत बसले. सगळा जन्म मराठी शिकवण्यात गेलेल्या बाईला दुःखातही लाल पेन आठवतं. तू असतास तर कानाशी लागून म्हणाला असतास, "मास्तरीण, मी मेलो, अन् तू शुद्धलेखन तपासून राहिली?"

मंचावर सात खुर्च्या होत्या आणि सातही भरलेल्या. समोरच्या रांगांबद्दल तसं म्हणता येणार नाही. पंख्याच्या वाऱ्यानं समई पेटेना. तीन पदाधिकारी पंख्याचं बटण शोधायला धावले आणि त्यांनी आधी माइक बंद केला. मला हसू फुटलं. शेजारी तुझी बहीण, शालूदीदी होती, तिला वाटलं मी रडतेय. तिनं माझा हात दाबला. माझ्या मनात एवढंच आलं होतं, की पंख्यानं तुझी साथ शेवटपर्यंत सोडली नाही. एका वक्त्यानं तुला 'छोट्या पडद्याचा महामेरू' म्हटलं. दुसऱ्यानं तुझ्या मालिकांची यादी वाचली. त्यातल्या दोन तुझ्या नव्हत्या. कधीही भरून न येणारी पोकळी चार वेळा निर्माण झाली.

सभा संपल्यावर आपल्या जबलपूरच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे आले. "कुसुमताई, दिनकररावांची फिल्म आपण पूर्ण करू. गणपतीत दाखवू. मुख्य अतिथी भोपाळहून येऊन राहिले. फक्त निवेदनच बाकी आहे ना? तुमची संहिता तयार आहे, शुद्ध, सुंदर. मुंबईहून एखादा भारदस्त आवाज घेऊ. चलो, लागा कामाला."

त्यांच्या तोंडून 'येऊन राहिले' निसटलं ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी म्हटलं, विचार करून सांगते.

म्हणजे बघ, मी जिंकले. त्या निवेदनावरून आपण वर्षभर भांडलो, आणि आता माझा खर्डा एकमतानं मंजूर झाला, कारण विरोधात मत देणारा एकच होता आणि त्याच्या फोटोला हार घातला होता. गेलेल्या माणसाशी वाद जिंकणं फार सोपं असतं. हा विजय मला नको आहे. का नको, ते तुला सांगितल्याशिवाय मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. तूच पहिला प्रश्न विचारणार: काहून?

आपल्या शाळेच्या गणेशोत्सवातलं नाटक आठव. मी पडद्यामागे वही घेऊन वाक्यं सांगणारी, तू पडदा ओढणारा. दुसऱ्या अंकात आपला राजा वाक्य विसरला. मी वाक्य सांगितलं, परत सांगितलं, शेवटी इतक्या जोरात सांगितलं की मागच्या रांगेलाही पाठ झालं असेल. राजा ढिम्म. तू सरळ पडदा पाडलास. अर्ध्या मिनिटानं उघडलास, तर राजा सिंहासनावर डोकं धरून बसलेला. तो खरोखरच रडकुंडीला आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय अभिनय! मी त्याला वाक्य देत होते, तू त्याला वेळ दिलास. तुझं सगळं दिग्दर्शन त्या अर्ध्या मिनिटात होतं. माझी सगळी मास्तरकी त्या वहीत होती म्हण.

मग ओमती मोहल्ल्यातलं तुझं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान. हातात मावेल असा कॅमेरा यायला अजून वेळ होता. तुझा कॅमेरा खांद्यावर ठेवला की तूच त्याला लटकल्यासारखा दिसायचास. सिहोऱ्याच्या त्या लग्नाला मी वधूपक्षाकडून आले होते, म्हणून साक्षीदार आहे. नवरदेव मंडपात शिरला तेव्हा सूर्य ढगाआड होता, तर तू वरात परत पाठवलीस. दुसऱ्यांदा शिरला तेव्हा कोणीतरी मध्ये आलं. परत पाठवलीस. गुरुजी घड्याळ दाखवायला लागले. मुलीचे मामा, धान्याचे अडते, तुझ्यासमोर हात जोडून उभे राहिले : "भैया, दूल्हा है, सिहोरा की बस नहीं है, जो दिन भर आती रहे." तिसऱ्यांदा नवरदेव घामाघूम, फेटा तिरका, आणि पोट धरून हसत आत आला. तीच टेप त्या घरात अजून सांभाळून ठेवली आहे. बाकीच्या लग्नांतले नवरदेव गंभीर होते, त्यांच्या टेपांना बुरशी लागली.

मुंबईत तुझी पंचाईत झाली ती तू कधी तक्रार म्हणून सांगितली नाहीस, विनोद म्हणूनच सांगितलीस. हिंदीवाले तुला मराठी समजायचे आणि मराठीवाले हिंदी. "जबलपूरला मराठी माणसं असतात?" असं एकानं विचारल्यावर तू म्हणालास, "असतात ना. थंडीत जास्त दिसतात." ज्योतिष्याच्या सल्ल्यानं तुझ्या नावात एक जादा 'ए' आला. त्यानं काय फरक पडला, असं मी विचारलं. "पाटी रुंद झाली," तू म्हणालास.

तुझ्या त्या गाण्यांच्या व्हिडिओंबद्दल मी जे जे बोलले ते परत घेणार नाही. शोकलेखात खोटं बोलायचं असतं, हे मला माहीत आहे. पण तू ते पहिल्या ओळीत पकडशील. पांढरे पडदे उडताहेत, ओढणी उडतेय, केस उडताहेत, आणि गायक क्षितिजाकडे बघतोय, तिथं काय आहे ते त्यालाही माहीत नाही. 'या गाण्यात मुख्य भूमिका पंख्याची आहे,' असं मी तुला पत्रात लिहिलं होतं. तू उलटटपाली उत्तर दिलंस, 'पंखा वेळेवर येतो, नखरे करत नाही.'

पण एक गोष्ट मी लिहिली नाही. गुलाबी कोट घातलेल्या त्या गायकाला घेऊन तू भर मे महिन्यात ग्वारीघाटावर आला होतास. ते गाणं टीव्हीवर इतकं लागायचं, की पोरं वर्गात बाकं वाजवायची. त्यात मधेच, जेमतेम दोन सेकंद, मागे एक बाई खाटेवर कुरडया उलटताना दिसते. ती मान वर करून गायकाकडे बघते, आणि पुन्हा कुरडयांकडे वळते. ती तुझी आई होती. मी पहिल्याच वेळी ओळखलं. त्या गाण्यात खरं असं तेवढंच होतं, आणि ते दोन सेकंद बघायला मी ते भिकार गाणं पुढे दहा वेळा सोसलं. हे तुला कधी सांगितलं नाही. चांगलं झालेलं सांगायची मला सवय नाही. वहीत जे बरोबर असतं त्याखाली आपण रेघ मारत नाही.

मालिकांच्या दिवसांत तू सुट्टीवर आलास की मी तुला छळायची. सून मागे वळून बघते ती तीन-तीनदा का? तू पोहे खाताखाता शांतपणे सांगितलंस, "पहिल्यांदा वळते ती प्रेक्षकासाठी. दुसऱ्यांदा चॅनलसाठी. तिसऱ्यांदा, जी बाई गॅस बारीक करून आत्ताच स्वयंपाकघरातून येऊन राहिली, तिच्यासाठी."

आणि तुझं ते 'काहून'. सेटवर सगळे हिंदीत बोलत, तूही बोलायचास, पण एवढा एक शब्द तू भाषांतरित केला नाहीस. नटी डोळ्यांत ग्लिसरीन घालून तयार, आणि तू खुर्चीतून विचारायचास, "काहून रडते तू?" तिला शब्द कळायचा नाही, प्रश्न कळायचा. ती म्हणायची, सर, लिहिलंय. तू म्हणायचास, लिहिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत. तू काहून रडते? असं करत एका दिवसात जेवढे प्रसंग उरकायला हवेत तेवढे तुझे उरकायचे नाहीत. मग तुझ्या जागी झटपट उरकणारे आले. तू सामान बांधलंस आणि महाराजपूरला शालूदीदीच्या घरी येऊन राहिलास. 'मुंबईनं कदर केली नाही' असं सभेत एक वक्ता म्हणाला. तू तर मला वेगळंच सांगितलं होतंस : "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरातल्या सुना वळवल्या. आता आपल्या घराकडे वळतो. एकदाच."

मग ती फिल्म. छप्पन साली भाषेवरून राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी घरांतून माणसं नागपूरकडे निघाली आणि कितीतरी निघालीच नाहीत. न निघालेल्यांची फिल्म. कारखान्यातून निवृत्त झालेले, कचेरीतले, शाळेतले, दाणाबाजारातले. ज्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना भोसल्यांच्या चाकरीत इथं धाडलं होतं तेही, आणि ज्यांचे वडील अमरावतीहून ट्रंक घेऊन उतरले तेही. प्रत्येकाला तू एकच विचारलंस : काहून नाही गेले?

शालूदीदीचं उत्तर तू अगदी सुरुवातीला घेतलंस. ती खिडकीशी बसून मेथी निवडतेय. म्हणते, "बाबांच्या कचेरीत कागद आला होता, कुठल्या राज्यात जाता म्हणून. बाबांनी तो घडी घालून खिशात ठेवला. आई रोज विचारे, काय ठरलं? बाबा म्हणत, पाहू. अन् पाहता पाहता आम्ही इथंच राहून राहिलो."

पूर्ण फिल्मचं निवेदन दीदीच्या आवाजात आणि माझ्या शब्दांत, असं ठरलं. मी तीन खर्डे लिहिले. तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी तुमच्या व्हरांड्यात सकाळची चहाची भांडी अजून उचलायची होती, आणि दीदी चष्मा लावून वाचायला बसली. 'आमच्या कुटुंबाने येथेच कायमचे वास्तव्य केले.' ती अडखळली. पुन्हा वाचलं, पुन्हा अडखळली.

"कुसुम, वास्तव्य म्हणजे राहून राहिलो, तेच नं?"

"हो."

"मग तेच काहून नाही लिहिलं गं?"

तू इतका हसलास की तुला खोकला आला. मी सांगितलं, की 'राहून राहिलो' व्याकरणात बसत नाही. एकच धातू दोनदा. 'राहतो आहे' म्हणावं, किंवा 'राहिलो' म्हणावं.

"दोनदा आहे म्हणूनच तर बरोबर आहे," तू म्हणालास. "पहिलं राहणं बाबांचं. दुसरं आपलं."

"लोक हसतील, दिनू. पुण्याचे लोक..."

"पुण्याचे लोक पाहायला कुठं येऊन राहिले? अच्छा, आले तरी हसू दे. मला मुंबईत हसलेच होते."

"म्हणून चुकीचं ते बरोबर होतं का?"

"मास्तरीण, तुझ्या मराठीत माझी बहीण पाहुणी वाटते."

ते मला लागलं. मग मी बोलले ते : "जन्मभर बायकांना तीन-तीनदा वळवलंस, आता भाषेला वळवू नको." तू गप्प झालास. तुला गप्प झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. मी पिशवी उचलली आणि निघाले. दीदी मागून म्हणत होती, अगं चहा तर पूर्ण कर.

चार दिवसांनी फोनवर तुझा निरोप आला : 'चौथा खर्डा पाठव. बिना इस्त्रीचा.' मी वाचला, आणि उत्तर दिलं नाही. इस्त्रीवर काहीतरी खोचक सुचायची वाट बघत होते. ते सुचायच्या आत तुझी बातमी आली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी महाराजपूरला गेले. दीदीच्या पिंकीनं, म्हणजे तुझ्या लाडक्या भाचीनं, तू जोडून ठेवलेली फिल्म मला कॉम्प्युटरवर दाखवली. अर्ध्यावर फिल्ममध्ये पिंकी स्वतःच आली. पडद्यामागून तू विचारतोस, "पिंकी, तू मराठीत काहून नाही बोलत?" ती हसते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, म्हणते, "समझती सब हूँ, मामा. बोलूँ तो ग़लत हो जाती है." तिथं तू कापलंस. पुढचं दृश्य सुरू.

पण तो काप मला खटकला. तू बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी एक श्वास जास्त थांबतोस, इथं थांबला नव्हतास. मी पिंकीला म्हटलं, याचं न कापलेलं आहे का? ती चुळबुळली. "मौसी, रहने दो ना." मी म्हटलं, दाखव.

न कापलेल्यात पुढे एक वाक्य आहे. "स्कूल में कुसुम मौसी टोकती थीं ना. घरवाली मराठी बोलो तो पूरी क्लास के सामने. फिर मैंने सोचा, हिंदी में कोई नहीं टोकता."

ती माझ्याच वर्गात होती, दिनू. माझ्यासमोर तो सगळा वर्ग आला. 'जाऊन राहिलो' म्हणणाऱ्याला मी उभं करायची आणि तीनदा 'जातो आहे' म्हणायला लावायची. तीनदा! आणि तुला मालिकेतल्या सुनेवरून बोलायची. मला वाटायचं, चारही बाजूंनी हिंदी असताना निदान मी तरी मराठी शुद्ध राखतेय. मी चुका थांबवायला गेले, आणि पोरांनी खरंच थांबवल्या. पण चुका थांबवायचा सोपा मार्ग त्यांनी निवडला. मराठीच थांबवली. दरवर्षी वर्ग लहान होत गेला तो सगळा माझ्यामुळे, असं म्हणण्याइतकी मी स्वतःला मोठी समजत नाही. पण त्यातली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती, आणि तिला मामाच्या मरणाचं दुःख घरच्या भाषेत माझ्याशी बोलता येत नव्हतं.

हे वाक्य तुझ्याजवळ वर्षभर होतं. त्या व्हरांड्यात मी व्याकरण सांगत होते तेव्हाही होतं. ते एकदा वाजवलं असतंस तर वाद तिथंच संपला असता. मी तुला ते जन्मभर बायका वळवण्याचं ऐकवलं, तेव्हाही तू ते काढलं नाहीस. गप्प बसलास. मी तुझे पडदे, पंखे, विजांचे कडकडाट सगळे मोजले, पण तुझा सगळ्यात चांगला काप मला तू गेल्यावर दिसला. त्यात काहीच दिसत नाही, आणि ते माझ्यासाठी होतं.

तेव्हा ऐक, आता मी काय केलं ते.

अध्यक्षांना भेटून सांगितलं, की माझी संहिता मी मागे घेतली आहे. ते म्हणाले, "पण काहून? इतकी शुद्ध आहे!" मी म्हटलं, तेच कारण आहे. मुंबईचा आवाज नको. निवेदन शालूदीदी करेल, तिच्या मराठीत. त्यांनी मुख्य अतिथींचा विचार करायला सांगितलं. पाहुण्यांसमोर आपली मराठी अशी दिसणं बरं नाही, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही आत्ता 'काहून' म्हणालात, ते मला फार बरं वाटलं. तसंच मुख्य अतिथींना वाटेल. तुमच्या सभागृहात जमत नसेल तर महाराजपूरच्या गच्चीवर चादर बांधून दाखवू, असंही सांगून आले. भाषण, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ काही नसेल. पंखा असेल.

चौथा खर्डा मी पाच दिवसांत लिहिला. लिहिला म्हणजे दीदीला बोलायला लावलं आणि उतरवून घेतलं. पहिले दोन दिवस हात सवयीनं दुरुस्त्या करत होता. ती 'करून राहिलो' म्हणे आणि कागदावर माझ्या पेनातून 'करतो आहोत' उतरे. मग मी लाल पेन पिंकीला देऊन टाकलं आणि म्हटलं, माझ्या हातात दिसलं तर टोक. तिनं दोनदा टोकलं. दुसऱ्यांदा तर मराठीत : "मौसी, तुम्ही परत करून राहिल्या." मला काय वाटलं ते लिहीत नाही.

काल सकाळी ध्वनिमुद्रण केलं. खिडक्यांना रजया लावल्या, मिक्सर चालवू नका म्हणून शेजारी सांगून आलो. दीदीसमोर तुझाच माइक. तिनं चष्मा पुसला, कागद हातात घेतला, आणि मग कागद खाली ठेवून दिला.

"बाबा म्हणत, पाहू," ती म्हणाली. "अन् पाहता पाहता आम्ही इथंच राहून राहिलो."

एवढं म्हणून ती थांबली. माइक सुरूच होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, वर्गात उत्तर दिल्यावर पोरं बघतात तसं.

"बरोबर आहे नं, कुसुम?"

ते तूही मला विचारत होतास, त्या व्हरांड्यात. दरवेळी विचारत होतास. ग्वारीघाटच्या गाण्यानंतर, प्रत्येक मालिकेनंतर, पोहे खाताना.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

पिंकीनं कानावरचे हेडफोन काढले. "मौसी, तुमचा पण आवाज आला यात. हटा दूँ?"

राहू दे, मी म्हटलं.